अकरा वाजता निघालेली सहल

मंगळवार, २४ फेब्रुवारी. सकाळी अकराला उंद्रीहून गाडी काढली. अमडापूर, चिखली, लव्हाळा, साखरखेर्डा असं करत दुसरबीडला मोठ्या रस्त्याला लागलो आणि दुपारी बीबीला पोचलो. ऊन होतं. चिखलीला कचोरी आणि चहा. संध्याकाळी पिठलं-भाकरी. लवकर झोपलो.

या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना पहिल्याच ओळीत काहीतरी चुकल्यासारखं वाटेल. इथल्या आधीच्या सगळ्या सहली पहाटे चारला उठून सुरू झालेल्या आहेत. त्या सहली माझी बायको शोभा ठरवायची. मी गाडी चालवायचो आणि परत आल्यावर ती सांगेल तसं टाईप करायचो. मी गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. जनावरं बोलून काही सांगत नाहीत, त्यामुळे नोकरीभर मलाही फार बोलावं लागलं नाही. घरातलं बोलणं शोभाकडे होतं.

शोभाचा नियम एकच होता. दार उघडायच्या आधी आपण दारात पाहिजे. मग ते देऊळ असो, धबधबा असो की पार्क. एकदा आम्ही मुंबईकडच्या एका मोठ्या पार्कात गेलो होतो. इतक्या लवकर पोचलो की रात्रपाळीच्या वॉचमनने आम्हाला बसायला त्याच्याच खुर्च्या दिल्या आणि तो घरी गेला. दिवसपाळीचा वॉचमन आला त्याला आम्हीच पाळीवरचे वाटलो. दार उघडल्यावर शोभा पर्स काखेत मारून पळाली, मी मागे. दुपारच्या आत सगळे पाळणे झाले, सगळ्या घसरगुंड्या झाल्या आणि एक वाजता ती गाडीत मागच्या सीटवर गाढ झोपली. त्या पार्काबद्दल कोणी विचारलं तर मला तिच्या चपलांच्या टाचाच आठवतात, कारण दिवसभर मी त्याच बघत होतो.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर शोभा गेली. आजार लहान होता. तिचा मोबाईल अजून माझ्याजवळ आहे आणि मी तो चार्ज करतो. त्यात पहाटे चारला तिने लावलेल्या गजराचं कोंबडं आरवतं. मी उठतो, ते बंद करतो आणि बसून राहतो.

आता आमच्याकडची पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. बायको गेली की नवरा काही महिने मुक्कामी कुठे जात नाही, लग्नाला जात नाही, गोड खात नाही. मग तिच्या माहेरचे येतात, त्याला आपल्याकडे घेऊन जातात, कपाळाला कुंकू लावतात, खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर टोपी ठेवतात आणि तोंडात गोड घास घालतात. याला दुखवटा काढणं म्हणतात. मग माणूस परत चारचौघांत यायला मोकळा. शोभाच्या माहेरी आता तिची धाकटी बहीण मंदाच राहिली आहे. ती बीबीला दिलेली. तिने दोनदा बोलावलं, मी दोनदा टाळलं. पहिल्यांदा गाडी बिघडली म्हणालो. दुसऱ्यांदा शेजारच्या सुभाषची म्हैस व्यायला झाली आहे, मला थांबावं लागेल, असं सांगितलं. ती म्हैस महिन्याआधीच व्याली होती. खरवसाचा फोटो मीच मंदाला पाठवला होता.

खरं कारण वेगळं होतं. टोपी डोक्यावर आली की शोभाच्या जाण्यावर माझी सही झाली, असं मला वाटायचं. मला ती सही करायची नव्हती.

तिसऱ्यांदा मंदाचा फोन आला.

"भाऊजी, दुखवटा-बिखवटा काही नाही. दुसरबीडजवळ पार्क झालं ना, तिथं जाऊ. दोन दिवस नुसतं फिरू."

"टॉवेल-टोपी नको."

"नाही आणत."

"गोड नको."

"जिलेबी तुमच्या पुढून नेणार नाही. पण माझी बी एक अट हाय. अकराच्या आधी निघायचं नाही. माझ्या सासूबाई अकराच्या आधी उंबरा वलांडत नाहीत."

मी हो म्हणालो. अकराची अट मला सोपी वाटली होती.

मंगळवारी चारला कोंबडं आरवलं. साडेपाचपर्यंत अंघोळ, चहा, पिशवी, बूट सगळं झालं. मग अट इथूनच लागू धरून मी ओट्यावर अकरा वाजायची वाट बघत बसलो. सात वाजता सुभाष दूध घालायला आला.

"काका, गाडी बंद पडली का?"

"नाही. अकराला निघायचंय."

"मंग आतापासून बूट घालून काऊन बसले?"

मी बुटाची नाडी परत बांधली. दहाच्या सुमारास तो परत आला तेव्हाही मी तिथेच होतो. त्याने गाडीच्या टायरला उगाच एक लाथ मारून पाहिली आणि गेला.

रस्त्याबद्दल. उंद्री ते चिखली रस्ता चांगला आहे. साखरखेर्ड्याकडे वळल्यावर मध्ये मध्ये ठिगळं आहेत, पण उशिरा निघाल्यामुळे ती दिसतात. अंधारात ती नुसती लागतात. या दिवसांत या बाजूला कांद्याचे डोंगळे फुललेले असतात. बियाण्यासाठी ठेवलेल्या कांद्याला उंच दांड्यावर पांढरे गोल गेंद येतात आणि शेतच्या शेत टाचण्या टोचल्यासारखं दिसतं. मी या रस्त्याने अनेकदा गेलो आहे. डोंगळे उजेडात पहिल्यांदाच बघितले. गाडी थांबवून एक फोटो काढला आणि तो कोणाला पाठवायचा हे न सुचल्यामुळे तसाच ठेवला.

बीबीला मंदाचा नवरा भास्कर याचं कृषी केंद्र आहे. दुकान पुढे, घर मागे. भास्कर माझा साडू, मनाने मोठा आणि आवाजानेही. त्याची आई गिरजामाय घरात सगळ्यात वडील. गुडघे दुखतात, ऐकू छान येतं, बोलताना 'ळ'चा 'य' होतो. तिने मला बसायच्या आधीच न्याहाळलं.

"वायले पाहुणे," ती म्हणाली. "जेवता का नाई?"

"जेवतो."

"मंग स्वयंपाक वायला आसंल."

स्वयंपाक मी करतो, हे तिला माहीत होतं.

बुधवारी पहाटे चारला बीबीत कोंबडं आरवलं.

माझी पिशवी न्हाणीच्या भिंतीशी खुंटीला होती आणि मोबाईल कपड्यांच्या तळाशी. अंधारात मला पिशवी सापडेना. कोंबडं थांबून थांबून ओरडत होतं आणि प्रत्येक वेळी आवाज वाढत होता, तशी सोय शोभाने करून ठेवलेली आहे.

"कोनाचं कोंबडं घुसलं रे घरात?" गिरजामायचा आवाज आला.

भास्कर काठी घेऊन उठला. त्याने आधी माझ्या पलंगाखाली काठी फिरवली, मग स्वतःच्या, मग खतांच्या पोत्यांमागे गेला. "हुश्श, हुश्श" चाललं होतं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं, पण हातात काठी असलेल्या माणसाला काय सांगावं हे पटकन सुचत नाही.

"भास्करराव," मी शेवटी म्हणालो, "ते माझ्या पिशवीत आहे."

तो थांबला. "साडूभाऊ, तुमी कोंबडं घेऊन आले?"

"मोबाईलमधलं आहे."

मंदा तोवर दारात आली होती. तिने दिवा लावला, पिशवीतून मोबाईल काढला आणि हातात धरून उभी राहिली. त्याच्या मागे देवीचं चित्र चिकटवलेलं आहे, त्याचा एक कोपरा निघालाय.

"ताईचा हाय," ती म्हणाली. तिने आवाज बंद केला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. भास्करने काठी भिंतीला टेकवली. 

"झोपा आता सगळे," गिरजामाय आतून म्हणाली. "पार्क पयून चालला का?"

सगळे झोपले. मी बसून राहिलो. सातला पहिला चहा झाला, नऊला दुसरा. दुसरा चहा पहिल्याची चव जाऊ नये म्हणून असतो, असं गिरजामायने सांगितलं. तिने पातळ बदललं, एक डबा फडक्यात बांधला, फडकं पिशवीत घातलं आणि अकराला उंबरा ओलांडला.

पार्काचं नाव मुद्दाम देत नाही, त्या बाजूला कोणीही रस्ता सांगेल. मोठं नाही. एका बाजूला पाण्याच्या घसरगुंड्या, एका बाजूला कोरडे पाळणे, मध्ये खाण्याची दुकानं. ज्यांना सकाळी उठायचा कंटाळा आहे त्यांनी हे लक्षपूर्वक वाचा. फेब्रुवारीत सकाळचं पाणी इतकं गार असतं की नऊला आलेले लोक दुपारपर्यंत काठावर उन्हात बसून थरथरत असतात. अकरानंतर या. तिकिटाला रांग नसते. आठवड्याच्या मधल्या वारी या. माणशी साताठशे रुपये धरा, साठीच्या वरच्यांना सवलत आहे आणि दुसऱ्या दिवशी परत आलात तर तिकीट अर्ध्यावर येतं. वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड न्या. गिरजामायला मागितला नाही.

पण डबा अडवला.

"माय, आत बाहेरचं खानं चालत नाही," दारावरचा वॉचमन म्हणाला.

"बाहेरचं कुठं हाय? घरचं हाय."

"तसं नाही. आत न्यायचं नाही."

"मंग तू धर. मी आत जाऊन येतो, तवर सांभाय."

वॉचमनने डबा हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि त्याचा चेहरा जरा बदलला. शेवटी असं ठरलं की दाराबाहेरच्या लिंबाखाली बसून जेवायचं आणि मग आत जायचं. ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. वॉचमनही आमच्यात बसला, एक डोळा दाराकडे ठेवून. शोभा असती तर तोवर आमचे सहा पाळणे झाले असते. आम्ही अजून दाराबाहेर हात धूत होतो.

आत शिरताना प्रत्येकाच्या मनगटावर लाल शाईचा शिक्का मारतात. हा शिक्का पुढे लागेल.

पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात, भाड्याने मिळतात. मी पांढरा शर्ट आणि पँट घालून आलो होतो आणि पाण्यात जाणार नव्हतो. गिरजामायही जाणार नव्हती. तिला झुलतं जहाज आवडलं. हे जहाज एका टोकाला पार आभाळात जातं, मग दुसऱ्या टोकाला. "पाहुणे, तुमी माह्यासंगं बसा," ती म्हणाली, म्हणून मी बसलो.

जहाज हलायला लागलं तेव्हा ती पलीकडच्या अनोळखी बाईला गुडघ्याच्या तेलाबद्दल सांगत होती. जहाज वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं. बाई किंचाळत होती. गिरजामाय तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "रात्री लावायचं, सकायी नाई." मग जहाज अगदी वर जाऊन क्षणभर थांबलं. मी ओरडलो.

"शोभे!"

नोकरीत, घरात, कुठेच मी कधी इतक्या मोठ्याने ओरडलो नव्हतो. तिला मी शोभा म्हणायचो, शोभे नाही. खाली उतरल्यावर गिरजामायने पदर ठीक केला.

"आवाज हाय म्हना," एवढंच म्हणाली आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली.

मी मात्र सावली शोधायला लागलो. पार्कात झाडं अजून लहान आहेत. एका ठिकाणी छान गोल सावली दिसली. तिथे नियमांचा फलकही होता. मी सावलीत उभा राहून नियम वाचू लागलो. समोरून भास्कर दोन्ही हात हलवत होता. मीही हात हलवला. तो आणखी जोरात हलवू लागला, ओरडू लागला. मला वाटलं त्याला फार मजा येते आहे. मी पुन्हा हात हलवला.

ती सावली वर टांगलेल्या मोठ्या बादलीची होती. ती भरली की उपडी होते. फलकावरचा चौथा नियम नेमका तोच होता, मी तिसऱ्यावर होतो.

पाणी अंगावर पडलं असं म्हणता येणार नाही. मी पाण्यात होतो आणि मग नव्हतो. चष्मा पायाशी सापडला. मंदा धावत दुकानात गेली आणि धावत परत आली. तिने माझ्या खांद्यांवर टॉवेल टाकला. "डोकं ओलं राहिलं तर सर्दी होते तुमाले," म्हणत एक टोपी डोक्यावर दाबली. मी कुडकुडत होतो. भास्करने हातातली प्लेट पुढे केली आणि "घ्या, गरम हाय" म्हणत एक तुकडा माझ्या तोंडात घातला. ती जिलेबी होती. मला गिळावी लागली, कारण थुंकणार कुठे?

जहाजावरून उतरून गिरजामाय हळूहळू चालत आली. थांबली. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"झालं की मंग," ती म्हणाली. "टॉवेल आला, टोपी आली, तोंड गोड झालं. माहेरच्या हातानं. उठला दुखवटा."

टॉवेलवर उड्या मारणारा मासा होता. टोपी पिवळीधमक होती आणि पुढे पार्काचं नाव. माझ्या मानाने मी फार बोललो.

"ही पार्काची टोपी आहे."

"टोपी कोनाची बी असो. डोक्यावर कोनं ठेवली?"

"मुहूर्त नव्हता. कुंकू नाही लावलं."

तिने माझा हात धरून मनगट वर केलं. "हे लाल काय हाय?"

"गेटवरचा शिक्का."

"चालते," गिरजामाय म्हणाली.

भास्कर हसायला लागला आणि मंदाचं तोंड बघून थांबला. मंदाचा चेहरा उतरला होता. "भाऊजी, खरंच माझ्या ध्यानात नाही आलं. तुमच्या गळ्याची शपथ."

मला ते खरं वाटलं. तरीही मी तिथून निघालो.

पार्काच्या मागच्या अंगाला पाण्याचा एक गोल कालवा आहे. त्यात हवेच्या ट्यूबवर बसायचं आणि पाणी आपल्याला हळूहळू फिरवून आणतं. करायचं काहीच नसतं. मी आधीच ओला होतो, म्हणून भाड्याची नायलॉनची चड्डी घेतली. तिच्यावर अननस होते. ट्यूबवर बसलो आणि पाण्याने मला ओढून नेलं.

शोभाने दोन्ही हातांनी पाणी मारत पुढच्यांना मागे टाकलं असतं. पुढे काय आहे, असं विचारलं असतं. पुढे काहीच नव्हतं. वळण होतं, एक छोटा पूल होता, आणि मग परत तेच वळण.

पहिल्या फेरीला मंदा काठावर येऊन बसलेली दिसली.

"भाऊजी, रागावले का?"

मी उत्तर जुळवेपर्यंत पाणी मला पुढे घेऊन गेलं. पूल गेला, वळण गेलं. परत आलो.

"नाही," मी म्हणालो.

"नको असंल तं काढून टाका टोपी."

पूल. वळण.

"राहू दे. ऊन आहे."

तिला जरा हसू आलं. पुढच्या फेरीला ती म्हणाली, "ताई असती तर..." आणि मी पुढे गेलो. ताई असती तर काय, याचा विचार करत सगळी फेरी काढली.

"ताई असती तर हे सगळं सकाळी नऊलाच उरकलं असतं," मी काठाशी आल्यावर म्हणालो.

मंदा हसली आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. मी पुलाखालून गेलो. मलाही हसू येत होतं आणि पुलाखाली ते घुमत होतं, त्यामुळे जीवरक्षकाने माझ्याकडे बघून शिट्टी तोंडात धरली. तोही वळणावर मागे पडला. मी परत काठाशी आलो तेव्हा मंदाने तोंडावरचा पदर काढला होता.

"तुमाले टॉवेल-टोपी हाय, भाऊजी. मले कोनी काय दिलं? सगळे तुमच्याकडं येऊन गेले. बहीण तर माझी बी होती."

ती रागाने नाही म्हणाली. भाजी महाग झाली म्हणतात तसं म्हणाली. मला थांबायचं होतं. पाय खाली टेकवायला गेलो तर ट्यूब फिरली, मी उलट्या तोंडाने पुढे गेलो आणि सगळी फेरी उलटा बघत केली. परत काठाशी आलो तेव्हा मी तिला काय म्हणणार होतो ते विसरलो होतो. पण ती तिथे बसली होती.

त्या दिवशी पाचला निघालो. जीवरक्षकाने विचारलं, "काका, किती राऊंड झाले?" मोजले नाहीत, असं सांगितलं. दिवसभरात पार्काचा निम्माही भाग आम्ही बघितला नव्हता. भास्कर एका घसरगुंडीवरून एकदाच गेला आणि मग घरून आणलेले नायलॉनचे कपडे त्याला काढावेसे वाटेनात. तो तसाच गाडीत बसला.

गुरुवारी पहाटे चारला कोंबडं आरवलं. मोबाईल या वेळी उशीखाली होता. काठी घेऊन कोणी उठलं नाही. मला बटण सापडेपर्यंत ते तीनदा ओरडलं.

"पाहुणे," आतल्या खोलीतून गिरजामाय म्हणाली, "तुमची बाई उठली. तिले म्हना, झोप आता. लई पयाली."

मी आवाज बंद केला. या वेळी बसलो नाही, आडवा झालो. झोप लागली नाही, पण आडवा होतो.

दोन चहा. अकरा. तोच वॉचमन, त्याने डबा बघून स्वतःच लिंबाखाली सतरंजी टाकली होती. जेवण झाल्यावर मी सगळ्यांच्या आधी आत गेलो. पर्स नव्हती, पण पळालोच म्हणा. दुकानवाला टॉवेलच्या घड्या घालत होता.

"टॉवेल आणि टोपी," मी म्हणालो.

"काल नेली ना तुमी?"

"आणखी एक."

पिवळ्या संपल्या होत्या. गुलाबी मिळाली. टॉवेलवर तोच मासा. मंदा गिरजामायच्या हाताला धरून हळूहळू येत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. असं करताना काही म्हणायचं असतं का मला माहीत नव्हतं, कारण असं कोणी करत नाही. तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. टोपी डोक्यावर ठेवली. ती अंबाड्यावर बसेना, म्हणून जरा तिरपी ठेवली.

"हे काय भाऊजी?"

"ताईकडून," मी म्हणालो.

भास्कर गिरजामायकडे बघत होता. निकाल तीच देणार होती. "बाईले टोपी?" ती म्हणाली. मग तिने स्वतःच मंदाचं मनगट वर करून लाल शिक्का बघितला आणि सोडून दिलं. "गोड कुठं हाय? भास्कर, जिलेबी आन. मले बी दोन आन."

मंदा रडली. मग तिने डोळे टॉवेलने पुसले आणि म्हणाली, "हा टॉवेल पानी ओढतच नाही हो, लई बेकार हाय." ते खरं आहे. त्या दुकानातून टॉवेल घेऊ नका, घरून न्या.

दिवसभर ती गुलाबी टोपी घालून फिरली. आम्ही दोघं संथ कालव्यात मागे-पुढे ट्यूबवर होतो. झुलतं जहाज चालवणाऱ्याने गिरजामायला शेवटी रांगेशिवाय बसू दिलं, कारण ती बसली की बाकीचे घाबरत नाहीत. चारला आवरलं. बीबीला त्यांना सोडून मी उंद्रीला परत आलो. निघताना मंदा चुलीपुढे होती आणि टोपी तिच्या डोक्यावरच होती.

अशा सहलीला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. दोन दिवस ठेवा, एका दिवसात सगळं बघायचा हट्ट नको. सोबत एखादं वडीलधारं माणूस न्या, त्याच्या चालीने चाला. नायलॉनचे कपडे घरून न्या, नाहीतर अननस मिळतात. सावलीत उभं राहण्याआधी वर बघा. आमच्या किती गोष्टी बघायच्या राहिल्या त्याचा हिशोब मला देता येणार नाही. पहिल्यांदाच एखाद्या ठिकाणाहून परत येताना तिथे काहीतरी शिल्लक आहे असं वाटलं आणि त्याचा त्रास झाला नाही. टोपी डोक्यावर आली तर सही होईल अशी मला भीती होती. टोपी आली. शोभा जिथे होती तिथेच आहे. मी तिला ओरडून हाक मारू शकतो, एवढं नव्याने कळलं.

शुक्रवारी डोळे उघडले तेव्हा खिडकीतून ऊन अंथरुणावर आलं होतं. साडेसात. दारावर सुभाष थापा मारत होता.

"काका, बरं हाय ना? पहाटं तुमचं कोंबडं वरडून वरडून थकलं. आमच्या घरातले सगळे उठले, तुमी काऊन नाई उठले?"

"झोप लागली होती," मी म्हणालो.

त्याने दुधाचं भांडं दिलं आणि जरा वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मग गेला.

दूध तापायला ठेवलं. शोभाचा मोबाईल चार्जिंगला लावला. पिशवीतून ओले कपडे काढले. टोपीचा पिवळा रंग शर्टाच्या खांद्याला लागला आहे, तो निघणार नाही. टॉवेल बादलीत बुडवला, पिळला, झटकला आणि अंगणातल्या दोरीवर टाकला. वारा होता, म्हणून दोन्ही टोकांना चिमटे लावले.